धागेदोरे

एखाद्या गुन्ह्याचा तपास लागू लागला, म्हणजे 'पोलिसांच्या हाती धागेदोरे आले' असे मराठीत म्हटले जाते. प्रकरण अवघड असले तर त्याला 'गुंता' म्हणतात आणि ते सुटले की त्याची 'उकल' झाली असे म्हणतात. विचाराला जोडणारे ते 'सूत्र', आणि सारे पडद्याआडून हलविणारा तो 'सूत्रधार'. विणकाम आणि तपास या दोन गोष्टींचे नाते भाषेने असे फार पूर्वीच ओळखून ठेवले आहे. मराठीचीच ही कल्पना आहे असेही नाही. गुन्ह्याच्या खुणेसाठी इंग्रजीत जो 'क्लू' शब्द रूढ आहे, त्याचा मूळ अर्थ सुताचा गुंडा असाच होतो. ग्रीक पुराणकथेतील आरिआड्नी या राजकन्येने थीसियसच्या हाती सुताचा गुंडा दिला. तो उलगडत तो चक्रव्यूहासारख्या भुयारात शिरला, आणि त्याच सुताच्या आधाराने जिवंत बाहेर आला. त्या गुंड्याचा 'क्लू' पुढे गुप्तहेरांच्या कामी आला. त्या कथेत पराक्रम थीसियसच्या नावावर लागला आहे. दोरा मात्र एका स्त्रीच्या हातचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंड-अमेरिकेत, आणि आता अन्यत्रही, स्त्रियांच्या मंडळांत एक नवा प्रघात रूढ झाला आहे. वर्षाच्या आरंभी सर्वांनी मिळून क्रोशाचे एक पांघरूण विणावयास घ्यावयाचे. दर महिन्याला त्याचा एक चौकोन किंवा एक पट्टा प्रत्येकीने आपापल्या घरी पुरा करावयाचा, आणि त्याच महिन्यात सर्वांनी एकच रहस्यकथा वाचावयाची. ती कथाही रक्तपाताचे वर्णन करणारी नव्हे, तर ज्या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी', म्हणजे उबदार, असे म्हणतात त्या प्रकारची. लहानसे खेडे, ओळखीची माणसे, चहाची वेळ, एक अनपेक्षित मृत्यू, आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेली एखादी व्यक्ती शेवटी सत्य उघडकीस आणते, असे तिचे स्वरूप असते. वर्ष संपते तेव्हा हाती एक पांघरूण असते आणि डोक्यात बारा कोडी सुटलेली असतात. वरवर पाहता हा रिकामपणचा विरंगुळा वाटेल. पण या प्रघातातील दोन्ही धागे, सुईचा आणि कथेचा, मागे शोधीत गेले तर ते एका मोठ्या आणि काहीशा करुण इतिहासापाशी जाऊन पोहोचतात.

प्रथम सुईचा धागा. लोकरीचे नेहमीचे विणकाम दोन सुयांवर चालते, आणि एका ओळीतील सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. क्रोशाची रीत निराळी आहे. तेथे सुई एकच, आणि तिच्या टोकाला आकडी. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच लहानशी आकडी असा आहे. आकडीने दोरा ओढून एका फासातून दुसरा फास काढावयाचा. त्यांची झाली साखळी. साखळीवर उभे करावयाचे ते खांब. साखळी आणि खांब एवढ्या दोनच गोष्टींवर फुले, पाने, जाळी, झालर असा सारा पसारा उभा राहतो. कोणत्याही क्षणी आकडीवर बहुधा एकच फास जिवंत असतो. त्यामुळे काम कोठेही थांबविता येते, पिशवीत घालून कोठेही नेता येते, आणि चुकले तर दोरा ओढून चुकीच्या जागेपर्यंत सरळ उसवीत जाता येते. शेवटच्या फासापासून मागे मागे जात नेमका दोष गाठावयाचा, ही रीत रहस्यकथेतील तपासाचीही आहे.

ही कला प्राचीन वाटते, परंतु तिचा लिखित पुरावा फार जुना नाही. नेदरलंडमधील 'पेनेलोपे' या मासिकात १८२३ साली क्रोशाच्या कामाची माहिती आली. छापील नमुन्यांचा इतिहास तेथून सुरू होतो असे मानतात. त्यापूर्वी युरोपात 'तंबूर' या नावाने ओळखले जाणारे भरतकाम लोकप्रिय होते. ढोलकासारख्या चौकटीवर कापड ताणून आकडीदार सुईने त्यावर साखळीटाका घालावयाचा, असे ते काम. अठराव्या शतकात ते पूर्वेकडून युरोपात गेले. खालचे कापड काढून टाकून तोच साखळीटाका हवेत घालण्याची युक्ती कोणाला तरी सुचली आणि त्यातून क्रोशे जन्मले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. कच्छमधील मोची कारागीर आरीने जे भरतकाम करीत, तेही याच आकडीच्या कुळातले. चामडे शिवणाऱ्याची आरी आणि लंडनमधील दिवाणखान्यातली हस्तिदंती आकडी यांचे असे दूरचे नाते सांगता येते.

दिवाणखान्यातील या विरंगुळ्याला पोटापाण्याचे साधन केले ते आयर्लंडच्या दुष्काळाने. १८४५ साली तेथील बटाट्यावर रोग पडला. गोरगरिबांचे सारे जीवन या एका पिकावर अवलंबून होते. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. या आपत्तीत कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन मठातील जोगिणींनी मुलींना क्रोशे शिकविले. मोनाहन परगण्यातील क्लोन्स गावी १८४७ साली कॅसँड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने तेच काम सुरू केले. सुईवर विणलेल्या खऱ्या लेसला महिनेच्या महिने लागत. आकडीने तिच्यासारखी दिसणारी जाळी पुष्कळ लवकर होई. शिवाय भांडवल ते काय? एक आकडी आणि सुताची एक लडी. घराघरांनी काम वाटून घेतले. एका घरी गुलाब विणले जात, दुसऱ्या घरी तिपानी पाने, आणि तिसरीकडे ते सारे सुटे भाग जाळीने एकत्र जोडले जात. अंगणात पीक नासले होते, पण दाराशी बसलेल्या स्त्रियांच्या बोटांतून घरात पैसा येऊ लागला. त्या पैशावर पुष्कळ घरे तगली, आणि कित्येकांचे अमेरिकेच्या जहाजाचे भाडेही त्यातूनच निघाले.

या कामाला छापील रूप देण्याचे श्रेय एलेओनोर रिएगो द ला ब्रँशार्दिएर या विदुषीकडे जाते. तिचे पहिले पुस्तक १८४६ साली निघाले, तेव्हा तिचे वय विशीच्या आतच होते. पुढे तिने नमुन्यांची कितीतरी पुस्तके काढली, आणि १८५१च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात तिच्या कामाचा गौरव झाला. तथापि क्रोशाला प्रतिष्ठा मिळावयास वेळ लागला. श्रीमंतांच्या लेसची ही गरिबांनी केलेली नक्कल, असे पुष्कळांना वाटे. व्हिक्टोरिया राणी स्वतः क्रोशे विणीत असे, याचा त्या कामाला मोठा आधार झाला. बोअर युद्धाच्या वेळी, १९०० साली, ऐंशी वर्षांच्या या राणीने आपल्या हातांनी आठ गळपट्टे विणले, आणि साम्राज्याच्या निरनिराळ्या देशांतील निवडक सैनिकांना ते देण्यात आले.

आता दुसरा धागा, कथेचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये वाचनाला महिन्याची लय लागली. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'चे भाग एप्रिल १८३६पासून दर महिन्यास एक शिलिंग किमतीला विक्रीस येऊ लागले. आरंभी हजार प्रतींचा अंदाज होता. १८३७च्या अखेरीस मालिका संपली तेव्हा खप सुमारे ४०,००० वर गेला होता. सबंध कादंबरीची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असे, पण महिन्याला एक शिलिंग बाजूला टाकता येई. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पुढचा भाग येईपर्यंत सगळे वाचक एकाच वेळी एकाच ठिकाणी अडकलेले असत. पुढे काय होणार, याची चर्चा दुकानात, बोटीवर, जेवणाच्या टेबलावर चाले. एकट्याने करावयाचे वाचन अशा रीतीने सामुदायिक होऊन गेले.

याच लयीत सुई आणि कथा एका मुखपृष्ठाखाली आल्या. सॅम्युएल बीटन याने १८५२ साली मध्यमवर्गीय गृहिणींसाठी दोन पेन्स किमतीचे एक मासिक काढले. त्यात क्रमशः कादंबरी असे, पाककृती असत आणि विणकाम-भरतकामाचे नमुनेही असत. त्याची पत्नी इझाबेला त्यात लिहू लागली, आणि तिचे गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तकही प्रथम १८५९ ते १८६१ या काळात मासिक भागांनीच निघाले. तिला आयुष्य मात्र अवघे अठ्ठावीस वर्षांचे लाभले. या मासिकाची वाचक म्हणजे कशी स्त्री? दिवसभराचे काम संपल्यावर दिव्याजवळ बसणारी; एका पानावरचा नमुना पाहून चार ओळी विणणारी, आणि मग पान उलटून कथेचा पुढचा भाग वाचणारी. आजच्या मंडळातील स्त्रियांनी नवे काही केलेले नाही. शंभरावर वर्षे जुनी ती सवय त्यांनी पुन्हा उचलली आहे.

मासिक भागांच्या या पद्धतीत एक धोकाही होता. डिकन्सची अखेरची कादंबरी 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' ही रहस्यकथाच. बारा मासिक भागांत ती संपावयाची होती. ९ जून १८७० रोजी डिकन्स वारला, आणि सहा भागांपलीकडे कथा गेली नाही. एडविनचे काय झाले, त्याला कोणी मारले की तो जिवंत होता, हे लेखकाबरोबरच नाहीसे झाले. आकडीवर जिवंत फास तसाच राहिला, आणि विणणारी मधूनच उठून गेली. पुढच्या लेखकांनी ते विणकाम पुरे करण्याचे प्रयत्न पुष्कळ केले. पण ज्या हाताने आरंभ केला त्याची गाठ कोणालाच मारता आली नाही.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६८ साली, डिकन्सच्याच साप्ताहिकातून त्याचा मित्र विल्की कॉलिन्स याची 'द मूनस्टोन' ही कादंबरी आली होती. तिच्यातला हिरा सोमनाथच्या मूर्तीवरचा. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लढाईच्या धामधुमीत एका इंग्रज अधिकाऱ्याने तो लुटून नेला, अशी कल्पना आहे. साम्राज्याच्या लुटीचे पाप एका सुखवस्तू इंग्रज घरात शिरते, हे तिचे मर्म. आणि त्या घरातील चोरीचा तपास कशावर फिरतो? ओल्या रंगाचा डाग पडलेल्या एका रात्रीच्या अंगरख्यावर. डाग कोणत्या वस्त्राला लागला, ते वस्त्र कोणी शिवले, कोणी लपविले, या घरगुती प्रश्नांनी थोर पोलीस अधिकारीही अडखळतात. रहस्यकथेने शिवणाच्या टोपलीत प्रथम डोकावून पाहिले ते येथे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मग टोपलीची मालकीण स्वतःच तपासाला निघाली, यात नवल ते काय? ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेने १८९७ साली 'दॅट अफेअर नेक्स्ट डोअर' या कादंबरीत अमेलिया बटरवर्थ नावाची एक प्रौढ, अविवाहित स्त्री उभी केली. ती रात्री खिडकीतून शेजारच्या घराकडे पाहते आणि पोलिसांना न दिसलेले तिला दिसते. शेजाऱ्यांच्या घरात डोकावणाऱ्या स्त्रीला आजवर जग चोंबडी म्हणत आले होते. ग्रीनने त्याच दोषाचे शास्त्र केले.

या परंपरेचा कळस म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयात शुश्रूषेचे आणि मग औषधालयात काम केले होते. विषांचे ज्ञान तिला तेथे झाले. तिची पहिली रहस्यकादंबरी १९२० साली निघाली. मिस मार्पल अवतरली ती डिसेंबर १९२७मध्ये, 'रॉयल मॅगझिन' या मासिकात, आणि पुढचे पाच महिने दर महिन्यास तिची एकेक कथा येत राहिली. त्या पहिल्या कथेतील आरंभीचा प्रसंग मोठा सूचक आहे. एका घरी काही मंडळी जमली आहेत. दर मंगळवारी एकेकाने आपल्याला ठाऊक असलेले रहस्य सांगावे आणि इतरांनी ते सोडवावे, असा बेत ठरतो. लेखक, चित्रकर्ती, वकील, धर्मोपदेशक, पोलीस खात्याचा माजी प्रमुख अशी मंडळी मोजली जातात आणि संख्या पाच भरते. शेकोटीजवळ बसून पांढरी मऊ लोकर विणणारी म्हातारी घरमालकीण कोणी मोजलेलीच नसते. ती हळूच आठवण करून देते. आणि पुढे प्रत्येक मंगळवारी उत्तर तिलाच सापडते.

या एका प्रसंगात साऱ्या प्रकाराचे तत्त्व सामावलेले आहे. विणणाऱ्या स्त्रीसमोर लोक मोकळेपणाने बोलतात, कारण ती तेथे आहे असे त्यांना वाटतच नाही. तिचे डोळे खाली असतात, हात चालू असतात. म्हणून तिचे कानही कामात असतील असा त्यांचा समज होतो. वस्तुस्थिती उलट असते. सवयीच्या टाक्यांना लक्ष लागत नाही. मन मोकळे राहते. मिस मार्पलची रीतही विणकऱ्याचीच आहे. सेंट मेरी मीड या खेड्यातील दूधवाला, मोलकरीण, दुकानदार यांच्या लहानसहान वागणुकीचे नमुने तिच्या मनात साठलेले असतात, आणि नवा प्रसंग आला की तो कोणत्या जुन्या नमुन्याशी जुळतो ते ती पाहते. एक टाका वेगळा पडला की तिला तो खुपतो. १९६४ सालच्या एका कादंबरीत ती मध्यरात्री गुलाबी लोकरीचा गळपट्टा गुंडाळून एका आजारी धनिकाच्या खोलीत शिरते आणि आपण न्यायदेवता असल्याचे त्याला बजावते. तो हसतो, पण तिचे ऐकतो, आणि एक जीव वाचतो.

हे खरे, की या पात्राच्या हाती बहुधा दोन सुया असतात, क्रोशाची आकडी नसते. परंतु बैठक एकच आहे. पॅट्रिशिया वेंटवर्थ हिने १९२८ साली निर्माण केलेली मिस सिल्व्हर हीसुद्धा विणतच प्रश्न विचारते. पूर्वाश्रमीची ही खाजगी शिक्षिका. ती नात्यातल्या बाळांसाठी मोजे आणि अंगरखे विणते, आणि साक्षीदारांची मने विणता विणता उसवते. तिच्या बत्तीस कादंबऱ्या झाल्या. या लेखिकेचा जन्म मसुरीचा, ही गोष्ट भारतीय वाचकांना सहसा ठाऊक नसते.

ही केवळ कादंबरीकारांची कल्पना नव्हे. फिलिस लातूर ही ब्रिटिश हस्तक मे १९४४मध्ये नॉर्मंडीत हवाई छत्रीने उतरली. जर्मनव्याप्त मुलखात ती साबण विकत हिंडे. तिची सांकेतिक अक्षरे एका रेशमी फडक्यावर होती. ते ती विणकामाच्या सुईला गुंडाळून केस बांधण्याच्या नाडीत दडवी. विणकाम जवळ बाळगणाऱ्या मुलीचा संशय येत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. मित्रसैन्याच्या फ्रान्समधील उतरणीच्या काळात तिने शंभरावर संदेश पाठविले. २०२३ साली, एकशेदोन वर्षांची होऊन, ती निवर्तली. तिच्या मुलांनाही कित्येक वर्षे ही कथा माहीत नव्हती.

विणणारे हात आणि ऐकणारे कान यांची गाठ नभोवाणीने अधिकच घट्ट बांधली. पुस्तक वाचताना डोळे अडकतात. आवाज ऐकताना डोळे आणि हात दोन्ही मोकळे राहतात. १९३० साली बी.बी.सी.ने 'बिहाइंड द स्क्रीन' ही मालिका सादर केली. ख्रिस्ती, डोरथी सेयर्स, रोनाल्ड नॉक्स आदी सहा रहस्यलेखकांनी एकच कथा आळीपाळीने रचली, प्रत्येकाने आपला भाग स्वतः ध्वनिक्षेपकापुढे वाचला, आणि श्रोत्यांना कोडे सोडविण्याचे आवाहन केले. सहा हातांनी विणलेले हे एक पांघरूणच म्हणावयाचे. पुढे १९४७ साली राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ख्रिस्तीने एक लहानसे श्रुतिनाट्य लिहिले. तेच वाढवून 'द माउसट्रॅप' हे नाटक झाले आणि २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या रंगभूमीवर आले. त्याच्या प्रयोगांचा विक्रम जगजाहीर आहे.

महाराष्ट्रातही या दोन धाग्यांनी घरे भरलेली होती. मध्यमवर्गीय घरातील रेडिओवर क्रोशाचा रुमाल अंथरलेला असे. दारावर क्रोशाचे तोरण, बाळंतविड्यात टोपरे आणि मोजे, आणि लग्नाच्या रुखवतात नवरीच्या हातचे पडदे आणि मेजपोस. त्या कामावर विणणारीचे नाव कोठेच नसे. त्याच घरातील मुले आणि बहुतेक वेळा वडीलधारी मंडळीही ग्रंथालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणून अधाशासारख्या वाचीत. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक धाडसी, वेषांतरपटू आणि चपळ. शेकोटीजवळ बसून गुन्हा उकलण्याचा त्यांचा पिंड नव्हे. मराठी घरात सुई आणि रहस्यकथा शेजारी शेजारी राहिल्या, पण त्यांची फारशी ओळख झाली नाही.

पांघरुणाचा इतिहासही असाच तुकड्यातुकड्यांनी जोडलेला आहे. उरल्यासुरल्या लोकरीचे रंगीत चौकोन विणून ते एकमेकांस जोडावयाचे, या पद्धतीला इंग्रजीत 'आजीचा चौकोन' अशा अर्थाचे नाव पडले आहे. त्याचा आजवर सापडलेला पहिला छापील नमुना १८८५ साली 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकन शेतकी साप्ताहिकात आला. काटकसर हा त्याचा पाया. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवणाऱ्या मराठी आजीला या कल्पनेत काहीच नवल वाटले नसते. अमेरिकेत अशा पांघरुणाला 'अफगाण' म्हणतात; अफगाणी गालिचे आणि शाली यांच्या रंगांची ती दूरवरून ऐकू येणारी साद आहे. आणि या प्रकारातील मोठा जागतिक विक्रम भारतातच घडला. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नई येथे देशोदेशींच्या स्त्रियांनी घरोघरी विणलेले चौकोन एकत्र जोडण्यात आले आणि ११,१४८.५ चौरस मीटरांचे पांघरूण तयार झाले. विक्रमानंतर त्याचे तुकडे सोडवून गरजूंना पांघरण्यासाठी वाटण्यात आले. बहुतेक विक्रम कपाटात ठेवले जातात. या विक्रमाने थंडी निवारली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही धागे उघडपणे एक झाले. विणकामाची दुकाने आणि विणणाऱ्या स्त्रियांची मंडळे हीच ज्यांची पार्श्वभूमी, अशा रहस्यकथा अमेरिकेत निघू लागल्या. बेटी हेक्टमन हिची 'हुक्ड ऑन मर्डर' ही कादंबरी २००८ साली आली. तीत क्रोशाचे मंडळ गुन्हा उकलते आणि शेवटच्या पानांवर क्रोशाचा नमुना दिलेला असतो. उलट दिशेने विणकामानेही रहस्यकथेची रीत उचलली. संपूर्ण नमुना आधी न दाखविता तो टप्प्याटप्प्याने द्यावयाचा, आणि अखेरपर्यंत वस्तूचे रूप गुप्त ठेवावयाचे. अशा प्रत्येक टप्प्याला नाव काय दिले असेल? 'क्लू'. सुताच्या गुंड्यापासून निघालेला शब्द हजार वर्षांची भटकंती करून सुताच्या गुंड्यापाशी परत आला.

परंतु येथे एका निराळ्या रहस्याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे, कारण ते अद्याप पुरते उकललेले नाही. गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्र प्रदेशात, नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना क्रोशे शिकविले. हेतू आयर्लंडसारखाच, गरिबांना चार पैसे मिळावे असा होता. पुढे त्या लेसला परदेशी बाजार मिळाला, व्यापारी आले, दलाल आले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना आढळले ते असे: हजारो स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास आकडी चालवीत, परंतु त्यांना कामगार कोणी म्हणत नसे. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळाचा उद्योग. काम नव्हेच म्हटल्यावर मजुरीचा प्रश्न उरत नाही. त्यांची मिळकत किमान वेतनाच्या जवळपासही पोहोचत नव्हती, आणि नफा व्यापाऱ्यांच्या घरी जात होता. लेस परदेशी ग्राहकाच्या टेबलावर पसरली जाई, पण ती विणणारी कोणाच्या मोजणीत नव्हती. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे-लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव त्यामुळे कापडावर लागले. हाताचे नाव लागावयाचे आहे.

मंगळवारच्या बैठकीत मिस मार्पलला मोजावयाचे राहून गेले, ती गंमत होती. तिने आठवण दिली आणि सगळे हसले. नरसापूरच्या स्त्रीने कोणाला आठवण द्यावी? विणकाम हा 'विरंगुळा' आहे, या एकाच समजुतीने दोन परस्परविरोधी गोष्टी घडविल्या आहेत. कथेतील म्हातारीला तिने अदृश्य केले आणि त्या अदृश्यतेचे बळ दिले. खऱ्या कारागीर स्त्रीला तिने अदृश्य केले आणि तिची मजुरी हिरावून घेतली.

म्हणून रहस्यकथेच्या रीतीने एक साधा पुरावा येथे मांडून ठेवणे योग्य होईल. साधे विणकाम यंत्रावर होते. खरे क्रोशे व्यापारी प्रमाणावर विणणारे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही. एकेक फास दिशा बदलीत, मागच्या कोणत्याही टाक्यात शिरून ओढावयाचा असतो. हे बोटांचे काम यंत्राला पेलत नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. जगात कोठेही, कोणत्याही दुकानात, कितीही स्वस्त किमतीचे क्रोशाचे वस्त्र टांगलेले दिसले, तर त्यातील प्रत्येक टाका कोणीतरी हाताने घातलेला आहे. किंमत त्या तासांच्या मानाने फारच कमी वाटत असेल, तर कोणीतरी ती आपल्या पदरची भरलेली आहे. तपास करणाऱ्यास यापरते धागेदोरे कशाला हवेत?

वर्षभर महिन्याला एक चौकोन विणणाऱ्या स्त्रिया या हिशेबाच्या उत्तम साक्षीदार आहेत. एका चौकोनाला किती वेळ लागतो, बोटे केव्हा दुखू लागतात, डोळे केव्हा थकतात, हे त्यांना स्वानुभवाने कळते. ज्याने स्वतः एकदा बारा चौकोन विणले, त्याला दुसऱ्याच्या हातचे पांघरूण फुकटचे वाटत नाही. आणि ज्याने बारा रहस्यकथा मन लावून वाचल्या, तो कोपऱ्यात विणीत बसलेल्या व्यक्तीला मोजावयास विसरत नाही.